कंप्युटरनं लावलेली कुस्ती

बारामतीत मी कंप्युटरचा क्लास काढला, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं ते मिक्सर घेऊन. खाली खत-बियाणांचं दुकान, वर माडीवर आमची पाटी. विजेवर चालणारं सगळंच इथं दुरुस्त होत असणार, असा त्या गृहस्थांचा सरळ समज. दुसऱ्या एकांना मुलीची पत्रिका जुळवून हवी होती. वडगाव निंबाळकरहून एक आजोबा आले, टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "पोरी, माजी म्हैस गेलीया कुठंतरी. जाफराबादी हाय. इंटरनेटवर बघ की जरा." मी म्हटलं, "आजोबा, इंटरनेटवर म्हशी नसतात हो." ते म्हणाले, "मग काय उपेग त्याचा?" आणि जिना उतरून गेले.

मी खरं म्हणजे काय करायचे, हे त्या काळी माझ्या आईलाही नीट सांगता यायचं नाही. नव्वदीचं दशक संपत आलेलं. सकाळ-संध्याकाळ मुलांना टायपिंग आणि पत्रकं करायला शिकवायची, त्यावर भाडं निघायचं. मधल्या वेळात माझी आवड म्हणून डेटाबेसला प्रश्न विचारणारी पानं लिहायची. ही भानगड मी लोकांना साडीच्या दुकानावरून समजावून सांगायचे. आपण खाली गादीवर बसलेलो असतो. सगळा माल असतो वर माळ्यावर. आपण म्हणतो, गुलाबी, सहावारी, काठ बारीक. खालचा माणूस वर ओरडून सांगतो, वरून गठ्ठा धपकन खाली पडतो. तो माळा म्हणजे डेटाबेस. ती गादी म्हणजे वेबपान. आणि मधे उभा राहून आपलं बोलणं वर पोचवणारा, वरून पडेल ते आपल्यापुढे पसरणारा माणूस म्हणजे स्क्रिप्ट. ती मी लिहायचे. या माणसाला स्वतःची अक्कल नसते, एवढंच ध्यानात ठेवायचं. गुलाबी म्हटलं तर गुलाबीच आणतो, लग्न कुणाचं आहे ते विचारत नाही.

हे असलं काम बारामतीत कुणाला लागणार, असं मला वाटायचं. आणि एका दुपारी जिना करकरला आणि तात्या वर आले.

तात्या इंदापूरकडचे जुने वस्ताद. वय सत्तरीच्या पुढे, गुलाबी पटका, आणि दोन्ही कान तळलेल्या पापडासारखे मुडपलेले. त्यांच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मोठं मैदान भरायचं. कोणाची कुस्ती कोणाशी लावायची, याला जोड लावणं म्हणतात, आणि तो मान तात्यांचा. दोन पैलवान शेजारी उभे करायचे, खांदे बघायचे, मांड्या बघायच्या आणि जोड लावायची.

"आन् मग शिव्या खायच्या," तात्या म्हणाले. "बारामतीचा पडला की बारामतीवाले म्हणत्यात, तात्या इंदापूरचा, तात्यानं डाव केला. इंदापूरचा पडला की आमचीच माणसं म्हणत्यात, तात्या बारामतीला फितूर हाय. औंदा मी ठरीवलंय. जोडी कंप्युटर लावंल."

"तात्या, कंप्युटरला कुस्तीतलं काही कळत नाही."

"नसंना कळत. मला शिव्या खायला दुसरं कोणतरी पायजे. त्याला शिव्या लागत्यात का?"

"नाही."

"मग झालं तर."

शिवाय त्यांना ते सगळं इंटरनेटवर हवं होतं. गावची पोरं पुण्यात, मुंबईत, एक तर दुबईत. यात्रेला यायचं की नाही ते कुस्त्या बघून ठरवायची. म्हणजे पोरानं दुबईत बसून वजनाचा गट निवडायचा, बटण दाबायचं, की कोण कुणाशी भिडणार ते समोर यायला पाहिजे. मी हो म्हणून बसले. कुस्ती हा प्रकार मी तोवर फक्त ऐकलेला होता. आमच्या नोकरदारांच्या घरात कुस्ती व्हायची ती सकाळच्या वर्तमानपत्रावरून.

आधी पैलवानांची माहिती गोळा करायची होती. नाव, गाव, वय, उंची, वजन. तात्यांनी हट्टानं आणखी एक रकाना घालायला लावला, ओळखीची खूण, म्हणजे ऐनवेळी कुणी दुसराच मल्ल घुसवायला नको. पहिल्या खेपेला त्यांनी जी माहिती पाठवली त्यात वीस पैलवानांचं वजन अगदी तंतोतंत सारखं होतं. मी फोन केला.

"तात्या, वजनं कशी घेतली?"

"उसाच्या काट्यावर. ट्रॉलीत बशीवलं समद्यांना, काट्यावर घातली ट्रॉली. रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा केलं आन् ईसनं भागलं."

मी त्यांना एकेकाला वेगळं जोखायला सांगितलं. तात्या म्हणाले, त्यानं एवढा काय फरक पडतो. पण ऐकलं. मग इंदापूरकडचे पैलवान इंदापूरच्या बाजारात आणि बारामतीकडचे बारामतीत, धान्याच्या व्यापाऱ्यांकडच्या काट्यावर जोखले गेले. गव्हाचं पोतं उतरायचं, पैलवान चढायचा.

स्क्रिप्ट लिहून झाली. एक पैलवान घ्यायचा, त्याच्या वजनाला, उंचीला, वयाला सगळ्यांत जवळचा दुसरा शोधायचा आणि जोड दाखवायची. पहिल्यांदा चालवली तेव्हा तात्या शेजारीच बसलेले होते. पडद्यावर जोड्या आल्या, आणि प्रत्येक पैलवानाची कुस्ती त्याच्या स्वतःशीच लागलेली. चूक कंप्युटरची नव्हती. मी विचारलं होतं की या माणसाच्या सगळ्यांत जवळचा कोण. आता माणसाच्या स्वतःपेक्षा जवळ कोण असणार? तात्या इतके हसले की पटका सुटला. मी मुकाट्यानं अट घातली, की दोघांचे नोंदणी क्रमांक वेगळे असले पाहिजेत, आणि पुन्हा बटण दाबलं. आता बरोबर आलं.

सगळ्यांत वर, शेवटच्या मोठ्या कुस्तीसाठी, चांदीच्या गदेसाठी, एक जोड आली होती. बिरुदेव, गाव बाभुळमळा, तालुका इंदापूर. आणि जिवाजी, गाव सांगवी, तालुका बारामती. दोघांचं वजन ब्याऐंशी किलो. उंची सारखी. वय सारखं. फरकाच्या रकान्यात शून्य.

तात्या हसायचे थांबले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पडद्याला बोट लावलं. "सारी हयात गेली मातीत," ते हळूच म्हणाले, "पर असली जोड न्हाय बघितली."

मला फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

हँडबिलं छापली गेली. छापखान्यात पैलवानांचा एकच ठसा होता, दोन मिशाळ गडी एकमेकांना भिडलेले, तोच ठसा सगळ्या यात्रांना. खाली मोठ्या अक्षरात 'बिरुदेव बाभुळमळेकर विरुद्ध जिवाजी सांगवीकर', आणि त्याखाली 'कंप्युटरद्वारे लावलेली जोड'. गावोगावी एसटीच्या थांब्यांवर, सलूनमध्ये, दूध डेअरीच्या भिंतींवर ती चिकटली. तालुक्याविरुद्ध तालुका. आमच्या माडीखालच्या खतवाल्यांनी सुद्धा दुकानात एक लावलं.

बिरुदेवला सगळे ओळखत होते. बिरू म्हणायचे त्याला. पण हा जिवाजी कोण, हे सांगवीतसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची नोंदणी केली होती सांगवीच्या एका बागायतदारानं. लोकांनी त्याला गाठलं. तो म्हणाला, "लांबच्या नात्यातलं पोरगं हाय. उसात लपवून ठिवलंय. नजर लागंल म्हून कुणाला दावत न्हाय." लोक ऐकेनात, म्हणून त्याला आणखी सांगावं लागलं. पोरगं रोज बादलीभर दूध पितं. हातानं नारळ फोडतं. ही बातमी दुधाच्या गाडीबरोबर गावोगाव फिरली आणि प्रत्येक डेअरीवर थोडी फुगली. इंदापूरला पोचेपर्यंत जिवाजी दूध थेट म्हशीलाच तोंड लावून पीत होता आणि नारळ कपाळानं फोडत होता.

हा उंच, टोपीवाला बागायतदार एकदा माझ्याकडे आला. खुर्चीत बसून पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, त्यो जिवाजी तेवढा काढून टाकता येतोय का वो?"

"का? आजारी आहे का?"

"न्हाय. ताब्येत चांगली हाय."

"मग?"

"आसंच."

मी सांगितलं की हँडबिलं छापून झाली, इंटरनेटवर पान चढलं, दुबईच्या पोरानं तिकीट काढलं, आता असंच म्हणून काढता येणार नाही. तो "व्हय, व्हय, बरुबर हाय" म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. मला वाटलं, घाबरला असेल.

यात्रेच्या आदल्या दिवशी, दुपारी, जिना असा वाजला की खालून खतवाले ओरडले. दारात एक धिप्पाड तरुण उभा होता. चपला बाहेर काढून, मान वाकवून आत आला. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

"मी बिरू," तो म्हणाला. "बाभुळमळ्याचा."

मी म्हटलं, "अरे वा, उद्याचे पैलवान! वर बसा की."

"मोडंल," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मॅडम, त्या जिवाजीचं काय काय हाय वो तुमच्या यंत्रात?"

एवढा मोठा गडी, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. पंधरा दिवस त्याला धड झोप नव्हती. चुलत्यानं खुराकासाठी तालमीतून घरी बाभुळमळ्याला नेऊन ठेवलं होतं आणि रोज दूध घालायला गेला की डेअरीवर जिवाजीची नवी गोष्ट ऐकायला मिळायची. "मामाला इचारलं," तो म्हणाला. "माजा मामा सांगवीचाच हाय. त्याला म्हटलं, कसा हाय जिवाजी? तर मामा म्हणतो, तू तुजी ताब्येत बघ. आन् तोंड फिरवून गेला. म्हंजी लईच डेंजर असणार."

माहिती गुप्त नव्हती. पान सगळ्यांसाठीच होतं. मी जिवाजीचा क्रमांक टाकला, बटण दाबलं आणि वाचायला लागले.

"वजन ब्याऐंशी."

"माजंबी तेवढंच," बिरू म्हणाला.

"उंची पाच फूट नऊ इंच."

"माजीबी."

"वय तेवीस. ओळखीची खूण, डावा कान मोडलेला."

बिरूनं नकळत डाव्या कानाला हात लावला. "माजाबी मोडल्याला हाय," तो म्हणाला. "म्हंजी त्योबी त्याच अंगावर खेळत असंल. आवघड हाय."

मी पुढे वाचलं, "उजव्या भुवईवर एडक्याच्या शिंगाची खूण."

मी पडद्यावरून मान वळवून त्याच्याकडे बघितलं. उजव्या भुवईच्या बरोबर मधोमध अर्ध्या बोटाएवढा पांढरा वण होता. त्याचा आजा होता तोवर घरात मेंढरं होती आणि लहानपणी एका एडक्यानं त्याला उडवलं होतं, हे त्यानं मला सांगितलं. सांगताना त्याच्या अजून काही ध्यानात आलेलं नव्हतं. "त्यालाबी एडक्यानं हाणलंय?" तो म्हणाला. "बिचारा."

"बिरू," मी म्हटलं, "तुझं वजन कुठं घेतलं?"

"इंदापूरला. काकानं नेलं हुतं."

"तेवढंच? आणखी कुठं नाही?"

"बारामतीला. मामा गहू घालायला आला हुता, म्हणला चढ काट्यावर, बघू ताब्येत कशी हाय. दुकानदारानं कायकाय लिवून घेतलं."

"मामा म्हणजे सांगवीचा बागायतदार? उंच, टोपीवाला?"

"व्हय की. तुमी वळखता?"

मग बिरूच्या बोलण्यातून आणि थोडं मागाहून मला सगळं कळलं. बिरूचा मामा आणि चुलता यांचं बिरूच्या आईबापांच्या लग्नात चुलत्याकडच्या जेवणावळीला मामानं नावं ठेवली, तेव्हापासून वाकडं. बोलणं नाही, चालणं नाही. चुलत्यानं पुतण्याचं नाव बाभुळमळ्याकडून घातलं. मामाचं म्हणणं, पोराला तालमीत घातलं मी, बदाम मी चारले, मग नाव सांगवीचं पाहिजे. त्यानं गुपचूप स्वतःच्या पणजोबांचं नाव देऊन तोच पैलवान सांगवीकडून घातला. आणि माझ्या स्क्रिप्टनं दोन वेगळे क्रमांक बघितले, फरक शून्य बघितला आणि आनंदानं कुस्ती लावून दिली.

मी बिरूला समजावून सांगितलं. त्याला वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "म्हंजी जिवाजी न्हाईच?"

"नाही."

"म्हंजी उद्या मलाच गदा!" तो उठून उभा राहिला. पंख्याला डोकं लागता लागता वाचलं. मग हळूहळू चेहरा पुन्हा पडला. "पर मॅडम, मी जिंकलो तर हरणारबी मीच की. सांगवीत आजोळ हाय माजं. कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि खाली बसून म्हणाला, "आन् हे उघडं पडलं तर मामा आन् काका मैदानातच एकमेकांच्या उरावर बसतील. आईनं काय करायचं? तिला दोन्हीकडं जायाचं असतंय."

मी तात्यांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाकी समद्या जोड्या ठरल्यात," तात्या म्हणाले. "ह्याला द्यायला आता दुसरा गडी न्हाय. दोन तालुकं येनार, शेवटची कुस्ती न्हाय म्हटल्यावर मांडव मोडतील. मॅडम, तुमी यंत्र घिऊन या."

"मी? तिथं? कशाला?"

"शिव्या खायला," तात्या म्हणाले, "यंत्र पायजे का नको?"

दुसऱ्या दिवशी कंप्युटर गोधडीत गुंडाळून टेंपोतून इंदापूरकडे निघाला, आणि मॉनिटर मांडीवर घेऊन मी. मैदानात बायकांनी फिरकायचं नाही असा रिवाज होता. कुणीतरी हरकत घेतली तेव्हा तात्या म्हणाले, "त्या बाई न्हाईत, त्या यंत्राच्या मॅडम हायेत." हे त्या माणसाला पटलं. लाल मातीच्या कडेला, माइकच्या शेजारी टेबल मांडलं होतं. मॉनिटरला झेंडूचा हार घातला होता, कीबोर्डवर गुलाल पडला होता. तो कीबोर्ड पुढं कायम थोडा अडकायचा.

माणूस म्हणाल तर मावत नव्हता. एका बाजूला इंदापूरकर, एका बाजूला बारामतीकर. हलगी तापली होती. बारक्या कुस्त्या झाल्या, मधल्या झाल्या, माझ्या स्क्रिप्टनं लावलेल्या जोड्या चांगल्या रंगल्या, दोन-तीनदा तात्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग त्यांनी माइक हातात घेतला आणि शेवटची कुस्ती पुकारली.

"बिरुदेव बाभुळमळेकर!"

बिरू मातीत उतरला, शड्डू ठोकला. इंदापूरची बाजू उभी राहिली, फेटे उडाले.

"जिवाजी सांगवीकर!"

कुणी उतरलं नाही. हलगी थांबली. सांगवीच्या माणसांनी मामाकडे बघितलं. मामा स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होता.

"मॅडम," तात्या माइकवरून म्हणाले, "यंत्राला इचारा, जिवाजी कुठाय."

हे आमचं ठरलं होतं. मी दोन्ही क्रमांक टाकले, बटण दाबलं, पडद्यावर दोन ओळी आल्या, एकाखाली एक. मी माइकजवळ तोंड नेऊन वाचायला लागले. "बिरुदेव. वजन ब्याऐंशी. जिवाजी. वजन ब्याऐंशी." लोक ऐकत होते. "बिरुदेव. डावा कान मोडलेला. जिवाजी. डावा कान मोडलेला." मागून कुणीतरी खुसखुसलं. "बिरुदेव. उजव्या भुवईवर एडक्याच्या शिंगाची खूण." मी थांबले. तात्यांनी बिरूची हनुवटी धरून त्याचं तोंड आधी इंदापूरकडं फिरवलं, मग बारामतीकडं.

"जिवाजी," मी वाचलं, "उजव्या भुवईवर..."

पुढचं मला वाचता आलंच नाही. सांगवीचा एक म्हातारा पुढं झाला, डोळे बारीक करून बघत ओरडला, "आरं, जिवाजी म्हंजी तर ह्यो आपला भाचा बिरूच!" आणि मैदान हसायला लागलं. हसू एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेलं आणि परत आलं. झाडावर बसलेला एक जण खाली पडला. त्याला काही लागलं नाही.

दोन माणसं मात्र हसत नव्हती. चुलता एका बाजूनं मातीत शिरला आणि मामा दुसऱ्या बाजूनं. चुलत्यानं बिरूचा उजवा हात धरला. "आमचं रगात हाय!" मामानं डावा धरला. "बदाम माझं हायेत!" आणि दोघांनी ओढायला सुरुवात केली. मधे बिरू नुसता उभा, देवळाच्या खांबासारखा, दोघं त्याला लोंबकळताहेत. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी विसरणार नाही. दोघांची माणसं आता बाह्या सावरायला लागली होती. हसण्याचा आवाज कमी होत चालला होता.

तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला. "कुस्ती कुठाय? आमी कुस्ती बघाया आलोय!" आणि सगळ्या मैदानानं ते उचललं. कुस्ती पायजे, कुस्ती पायजे.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. हे मात्र ठरलेलं नव्हतं. ते माइकवर म्हणाले, "मॅडम, यंत्रात दोन नावं घाला. बिरूचा मामा आन् बिरूचा काका."

"वजन?" मी विचारलं.

तात्यांनी डोळे बारीक करून दोघांकडे, म्हणजे खरं तर दोघांच्या पोटांकडे, बघितलं आणि म्हणाले, "दोगंबी पंचाण्णव."

मी घातलं. वय, दोघंही पन्नाशीचे. बटण दाबलं. गुलालानं अडकलेलं बटण दोनदा दाबावं लागलं.

"कंप्युटर काय म्हणतो?" तात्या गरजले.

"जोड जुळते," मी म्हटलं.

मैदानानं जो आवाज केला तो ऐकून दोघांना माघार घेता येईना. टोप्या काढल्या. धोतरं खोचली. दोघंही तरुणपणी मातीत खेळलेले, त्यामुळे सलामी झकास झाली. मग ते भिडले. पहिल्या झटक्यात मामानं चुलत्याला मागं रेटलं, दुसऱ्या झटक्यात चुलत्यानं मामाला. तिसरा झटका झालाच नाही. दोघांचाही दम गेला. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून, गळ्यात हात घालून उभे राहिले. सोडलं तर पडणार, म्हणून कुणीच सोडेना. हलगी वाजतेय, लोक ओरडताहेत, आणि हे दोघं एकमेकांच्या आधारानं उभे, भात्यासारखे श्वास घेत.

माइक जवळच होता. त्यामुळे चुलता पुटपुटला ते सगळ्यांना ऐकू आलं. "भाऊसाहेब, सोडू नका."

"न्हाय सोडत," मामा म्हणाला. "पर त्या जेवणात मीठ कमीच हुतं."

"हुतं," चुलता म्हणाला. "पानी हाय का कुणाकडं?"

बिरू पुढं झाला. त्यानं दोघांना हळूच सोडवलं, एका हातात मामाचा हात घेतला, एका हातात काकाचा, आणि दोन्ही वर केले. कुस्ती बरोबरीत सुटली. गदा दोन्ही गावांच्या संमतीनं बिरूला दिली. तात्यांना त्या वर्षी एकही शिवी बसली नाही. मलाही नाही. दुबईचं पोरगं म्हणालं, पैसे वसूल.

पुढे मी पुण्याला गेले, मोठ्या कचेऱ्यांसाठी मोठे डेटाबेस केले. तिथं पान वापरणारा माणूस कधी दिसायचा नाही. क्लास बंद केल्याची खंत मला अधूनमधून होते ती याचसाठी. माडीवर निदान दारात येऊन कुणी विचारायचं तरी, याचा उपयोग काय.

यात्रेनंतर दोन दिवसांनी बिरू पेढे घेऊन क्लासवर आला, मी तेव्हा यात्रेच्या नोंदी नीटनेटक्या करत बसले होते. तो जमिनीवर बसला, मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, "बघ, आता हा जिवाजी पुसून टाकते. पुन्हा घोटाळा नको."

"नका वो मॅडम," तो पटकन म्हणाला. "राहू द्या त्याला."

"अरे, पण तो नाहीच."

"नसंना. पंधरा दिस त्याच्या भ्यानं पहाटं उठलोय. जोर काढलं, बैठका काढल्या. येवढी मेहनत वस्तादानंबी करून घेतली न्हाय माज्याकडनं. लई भला माणूस वो."

मी थोडा विचार केला. नोंद ठेवली, फक्त वजनाच्या रकान्यात शून्य घातलं, म्हणजे पुन्हा कुणाशी त्याची जोड लागायला नको. बिरू पडद्याकडे बघत राहिला.

"उपाशी ठिवला व्हय त्याला?"

मी निमूटपणे पुन्हा ब्याऐंशी लिहिलं. बिरूनं पेढ्याचा पुडा माझ्यापुढं सरकवला, पडद्याकडे आणखी एकदा बघितलं आणि म्हणाला,

"त्र्याऐंशी करा मॅडम. यात्रंत जेवला असंल की त्योबी."